भालेकर वाडीचा आगाऊ दुखवटा

ही हकिकत १९५६ सालची. सामना होण्याआधी त्याच्याविषयी जे बोलता येते, ते सामना झाल्यावर बोलता येत नाही. म्हणून जाणकार माणसे सगळे आधीच बोलून घेतात. हे सत्य आता घरोघरी पोचले आहे. त्या वर्षी ते फक्त गिरगावातल्या आमच्या भालेकर वाडीला कळले होते.

वाडीत 'कै. सदाशिव भालेकर मोफत वाचनालय' होते. दोन बाके, चार कपाटे (पैकी तीन उघडत), एक घड्याळ, आणि रस्त्याच्या अंगाला भिंतीवर एक फळा. फळा सहा फूट बाय चार फूट, सागवानी, हरिश्चंद्र पांचाळ सुतारांनी केलेला. वाचनालयात येऊन वाचणारे दिवसाला सरासरी अकरा, त्यांतले सात वाऱ्याला बसत. फळा वाचणारे मात्र रोजचे दोन हजार. हा आकडा नानासाहेब मोकाशांचा. त्यांनी एका सकाळी गॅलरीत बसून अर्धा तास माणसे मोजली आणि आलेल्या संख्येला दोन हजार येईपर्यंत गुणले.

फळ्यावर रोज बातमी आणि तिच्यावर मत असे. ते ठरवायला फळा-समिती होती. समितीत तीन थोर माणसे होती आणि त्यांची ओळख करून देणे मी कर्तव्य समजते.

अध्यक्ष नानासाहेब मोकाशी, निवृत्त हेडक्लार्क. तीस वर्षे प्रत्येक कागदावर 'पाहिले' असा शेरा मारून त्यांनी कोणताही कागद न पाहण्याची सिद्धी मिळवली होती. चिटणीस रमाकांत सबनीस. वाचनालयाची घटना त्यांनी लिहिली होती, कलमे त्रेसष्ट. (पुस्तके चारशे बारा.) आणि क्रीडा-सदस्य रघुवीर टिपणीस. ऑक्टोबरात ब्रेबर्नवर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी झाली, तिचा एक दिवस त्यांनी मेव्हण्याच्या पासावर पाहिला होता. तेव्हापासून वाडीत खेळ या विषयावर त्यांच्या आधी कोणी बोलत नसे.

मी, कालिंदी वैद्य, तेव्हा बावीस वर्षांची. स्त्रियांच्या कपाटाची व्यवस्था पाही आणि समितीच्या सभांचे इतिवृत्त लिही. इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली 'एकमताने' हा शब्द लिहायचा असतो, हे मला पहिल्याच दिवशी शिकवण्यात आले.

आणि कोंडीराम. कोंडीराम वाचनालयाचा शिपाई. राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत. सकाळी साडेसहाला तो कुलूप काढी, झाडी, वर्तमानपत्रे काठ्यांना लावी, समितीला चहा आणी, आणि फळा लिही. मजकूर समितीचा, अक्षर त्याचे. ते अक्षर असे की ट्रामची वाट पाहणारा माणूस ट्राम सोडून वाचत बसे. समितीचे याबाबतचे मत स्पष्ट होते: अक्षर हा हाताचा गुण आहे, डोक्याचा नव्हे; त्यामुळे फळ्यावर जे काही चांगले असेल ते समितीचे.

त्या वर्षीच्या जानेवारीत गिरगाव पेटले होते. वाडीवाडीतून घोषणा, रस्त्यावर गोळीबार. आमच्या फळ्यावर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे रोज असे. पोलिसांनी आठवड्याभरात फळा सात वेळा पुसला आणि कोंडीरामने तो आठ वेळा लिहिला. त्या आठवड्यात समिती प्रकृतीच्या कारणाने घरी होती. (तिघांनाही सर्दी.)

वाचनालयाच्या घटनेतील कलम तीनप्रमाणे संस्थेत जातिभेद नव्हता. जातिभेदच नसल्यामुळे कोंडीरामचा कप कुठे ठेवायचा याविषयी घटनेत काहीच लिहिलेले नव्हते. तो खिडकीत असे.

कोंडीराम हंगामी शिपाई होता. कलम चाळीसप्रमाणे हंगामी नोकराची तीन वर्षे अखंड सेवा झाली की त्याला कायम करायचे, आणि त्याची तीन वर्षे एकतीस डिसेंबरला पुरी होत होती. कायम शिपायाला पुस्तके घरी नेता येत. हंगामी शिपायाला ती पुसता येत. तो मार्चमध्ये मॅट्रिकला बसणार होता.

"कायम झालो ना बाई, की पहिलं ते भूमितीचं पुस्तक नेणार," तो मला सांगे. "रोज फडकं मारतो त्याच्यावर. आत काय आहे ते बघायचंय आता."

"इथेच बसून वाच की दुपारचा."

"बाकावर?" तो हसून विचारी, आणि मी कपाट लावू लागे.

वर्षाची रजा दहा दिवस. ती सगळी ऑक्टोबरात संपली. दसऱ्याला तो आई आणि बायकोसह नागपूरला दीक्षेला गेला होता. परत आला तो तसाच, त्याच खाकी शर्टात. पण सबनीस म्हणाले, "हल्ली हा सरळ बघतो हो." त्यांनी तशी नोंद करायला सांगितली. मी केली.

आता सामन्याकडे येते.

एक नोव्हेंबरला आपल्यावर द्विभाषिक राज्य लादले गेले, तेव्हापासून फळ्यावर रोज निषेध असे. महिना होत आला तसे लोक निषेध न वाचता पुढे जाऊ लागले. (इतिवृत्तात: 'लोकजागृतीचे कार्य पूर्ण झाल्याचे दिसून आले.') अशा वेळी बातमी आली की मेलबर्नच्या ऑलिंपिकात शनिवारी, एक डिसेंबरला, फुटबॉलमध्ये भारताची गाठ ऑस्ट्रेलियाशी आहे. जो हरेल तो घरी जाईल. देशाचा प्रश्न होता. गुरुवारी, एकोणतीस तारखेला संध्याकाळी, समितीची सभा भरली. विषय एकच: सामन्याचा पूर्वविचार.

"फुटबॉल म्हणजे तो पायाने?" नानासाहेबांनी सुरुवात केली.

"पायानेच," टिपणीस म्हणाले. "पण ते सोडा. संघ तोच आहे."

"कोणता?"

"ऑस्ट्रेलिया हो! आत्ताच येऊन आपल्याला बडवून गेले नाहीत का? मद्रासला डावाने, मग कलकत्त्याला. मुंबईत कसंबसं निभावलं, ते मी स्वतः तिथे होतो म्हणून कळलं मला. काय एकेक माणूस! चेंडू टाकायला धावत यायचा तो चर्चगेटपासून."

कोंडीराम चहा ठेवत होता. तो म्हणाला, "साहेब, ते हे नव्हेत."

सभेत शांतता पसरली. ती मी इतिवृत्तात घेतलेली नाही.

"काय म्हणालास?"

"ते क्रिकेटवाले, साहेब. फुटबॉलची टीम वेगळी असते. त्यांची पण वेगळी, आपली पण वेगळी."

सबनीसांनी चष्मा काढला. "देश तोच ना रे?"

"देश तोच, साहेब."

"मग झालं तर."

"आणि साखर कमी आहे," नानासाहेब म्हणाले.

कोंडीराम दर रविवारी सकाळी नायगावच्या मैदानात गिरणीवाल्यांच्या संघातून अनवाणी फुटबॉल खेळे आणि कूपरेजचे सामने कुंपणाबाहेर उभा राहून पाही, ही गोष्ट समितीला माहीत नव्हती. माहीत असती तरी ती पुरावा म्हणून धरता आली नसती, कारण त्याच्याकडे पास नव्हता. खोताच्या वाडीतल्या ख्रिस्ती मंडळींना फुटबॉलमधले कळते अशी एक अफवा होती. ती अफवाच राहावी म्हणून त्यांना विचारण्यात आले नाही.

दोन तासांच्या विचारविनिमयानंतर जो मजकूर सिद्ध झाला तो माझ्या हस्ताक्षरात अजून माझ्याजवळ आहे. तसाच उतरवते:

'१. हवा. मेलबर्न येथील हवा ऑस्ट्रेलियाची असल्याने ती त्यांना मानवते.
२. मेंढ्या. त्या देशात माणशी पंधरा मेंढ्या आहेत. आपल्याकडे हे प्रमाण नगण्य आहे. याचा परिणाम सामन्याच्या उत्तरार्धात दिसेल.
३. गोलंदाजी. त्यांच्याकडे जलद गोलंदाजांची फळी आहे. फुटबॉलमध्ये गोलंदाजीस वाव किती, हे चौकशीअंती कळेल.
४. खेळपट्टी. माहिती उपलब्ध नाही, म्हणजे प्रतिकूल असावी.
५. सराव. पहिल्या फेरीत आपला प्रतिस्पर्धी आलाच नाही व आपण न खेळता जिंकलो. न खेळता जिंकणाऱ्या संघाने आता खेळण्याचे धाडस करणे कितपत योग्य, याचा विचार संबंधितांनी करावा.
६. निष्कर्ष. पराभवाची शक्यता शेकडा एक्क्याण्णव. अनिर्णित राहण्याची शेकडा आठ (मुंबई कसोटीवरून). उरलेला एक टक्का समितीने राखून ठेवला आहे.'

इतके झाल्यावर सभा संपायला हरकत नव्हती. पण सबनीस हे पुढचा विचार करणारे गृहस्थ.

"सामना शनिवारी. आपली पुढची सभा गुरुवारी. तोवर दुःख शिळं होईल. आत्ता बसलोच आहोत, तर दुखवट्याचा ठराव करून घेऊ या का?"

"हरले नाहीत अजून," मी म्हणाले. ते मी मनातल्या मनात म्हणाले असेन, कारण कोणी मान वर केली नाही.

"उत्तम सूचना," नानासाहेब म्हणाले. "फक्त ते कलम अकरा बघा."

कलम अकरा असे: एका महिन्यात एकापेक्षा अधिक दुखवट्याचे ठराव करू नयेत. (१९५२ च्या पावसाळ्यात संस्थेचे पाच आजीव सभासद लागोपाठ गेले आणि तीन महिने संस्थेचे काम नुसते उभे राहण्यातच गेले, म्हणून ही तरतूद.) नोव्हेंबरचा दुखवटा तर माजी खजिनदारांवर होऊन गेला होता. पण पराभव एक डिसेंबरला व्हायचा असल्याने ठराव डिसेंबरचा धरावा, असा तोडगा सबनीसांनी काढला. मग त्यांनी उभे राहून मसुदा वाचला. मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियाकडून झालेल्या भारतीय संघाच्या पराभवाबद्दल ही सभा तीव्र दुःख व्यक्त करते, आणि खेळाडूंच्या आप्तांना ते सोसण्याचे बळ मिळो अशी प्रार्थना करते. सर्वजण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले. टिपणिसांचे डोळे भरून आले. कोंडीराम कपबशा घेऊन आधीपासूनच उभा होता, त्यामुळे त्याला धरण्यात आले नाही.

एकमताने.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, कोंडीराम फळा लिहीत होता आणि मी आत कपाट लावत होते. सगळा मजकूर त्याने सुबक दोन रकान्यांत बसवला. मग खडू हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"बाई, खाली हातभर जागा उरली."

"राहू दे की मग."

"दोन हजार लोक वाचतात, बाई. मोकाशीसाहेबच म्हणतात. आणि यात एकही वाक्य खरं नाही."

"हे बघ," मी दारात येऊन म्हणाले, "महिन्याभराचा प्रश्न आहे. एकदा कायम हो, मग काय ते शहाणपण कर. भूमितीचं पुस्तक हवंय ना तुला?"

"हवंय ना." त्याने दुसऱ्या मुद्द्यावर खडू टेकवला. "पण बाई, मेंढ्या!"

मला हसू आले. मी हसत आत वळले, आणि त्याने खालच्या हातभर जागेत लिहिले:

'भारत जिंकेल. आपल्या मुंबईचा गडी गोल मारील.'

हे वाक्य ठाकूरद्वारापर्यंत पोचायला तास लागला नाही. ट्रामच्या रांगेतले लोक वरचे दोन रकाने ओलांडून थेट खाली येत. "हे खालचं कोणी लिहिलं हो?" "समितीच ना, दुसरं कोण!" "बरं झालं बाबा, वर्षभरात एक तरी चांगली बातमी." समितीच्या मात्र ते लक्षात आले नाही. समिती फळा वाचत नसे. तो लोकांसाठी होता.

शनिवारी भारत जिंकला. चार विरुद्ध दोन. चारांतले तीन गोल आपल्या मुंबईच्या गड्याचे.

रविवारी सकाळी फळ्यापुढे ही गर्दी. नानासाहेब दूध घेऊन येत होते, त्यांना लोकांनी गराडा घातला. "नानासाहेब, मानलं तुम्हाला! अख्ख्या मुंबईत कोणी सांगितलं नाही ते तुम्ही लिहून ठेवलंत!" त्यांच्या गळ्यात कोणी तरी हारही घातला. नानासाहेब विनयशील माणूस. "अहो, अनुभवाने येतं हळूहळू," ते म्हणाले. मग गर्दी पांगल्यावर, वाचनालयाच्या इतिहासात प्रथमच, त्यांनी फळा वाचला.

तातडीची सभा बाराला भरली. हार अजून गळ्यात होता.

"हे तू लिहिलंस?"

"हो साहेब."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. दिसत होतं."

"कुठे दिसत होतं?" टिपणिसांनी विचारले. खेळासंबंधी काही दिसले तर ते त्यांना आधी दिसायला हवे होते.

"कूपरेजला बघितलंय मी त्याला. डोक्यावर बॉल आला की तो सोडत नाही, साहेब."

"डोक्यावर!" टिपणीस समितीकडे वळले. "म्हणजे यालाही माहीत नाही. अरे, पायाने असतो तो खेळ."

"निदान चुकलं असतं तर समजण्यासारखं होतं," नानासाहेब दुःखाने म्हणाले. आणि त्यात तथ्य होते. समितीचा अंदाज चुकणे ही समितीची अंतर्गत बाब होती. शिपायाचा बरोबर येणे ही शिस्तीची बाब होती.

आरोप असा लिहिण्यात आला: 'निकाल लागण्यापूर्वी निकाल लिहिणे.'

"त्या वेळी इथे कोण होतं?" सबनीसांनी विचारले.

मी मान खाली घालून लिहीत होते. मी हसले होते, हे मला आठवत होते.

"बाई होत्या," कोंडीराम म्हणाला. "पण त्यांची पाठ होती, साहेब."

मी ते तसेच लिहिले.

"पूर्ण नाव घाला याचं," नानासाहेब मला म्हणाले. मी हजेरीपुस्तक उघडले. तीन वर्षे पानापानावर 'कोंडीराम, शिपाई' एवढेच होते. तो समोर चार फुटांवर उभा होता. कोणीही त्याला विचारू शकले असते.

"जाऊ दे," सबनीस म्हणाले. "लिहा नुसतं कोंडीराम. ओळखतोच की आपण."

निर्णय गुरुवार, सहा डिसेंबरच्या सभेवर सोपवला. त्याच सभेत त्याला कायम करण्याचा विषयही होता; दोन्ही एकदमच निकालात काढता येतील, ही सोय. राहता राहिला दुखवटा. तो मागे घ्यावा की काय, अशी शंका टिपणिसांनी काढली. पण व्यक्त केलेले दुःख परत घेण्याची तरतूद त्रेसष्ट कलमांत कुठेही नव्हती. तेव्हा दुखवटा कायम ठेवून पराभवाची वाट पाहण्याचे ठरले.

फार वाट पाहावी लागली नाही. मंगळवारी उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाने आपल्याला चार-एकने हरवले. सबनीसांनी स्वतः इतिवृत्तात 'ऑस्ट्रेलिया' खोडून 'युगोस्लाव्हिया' लिहिले आणि बाजूला सही केली. अशा रीतीने समितीचा अंदाज देश, तारीख आणि आकडे वगळता तंतोतंत खरा ठरला. बुधवारच्या फळ्यावर तसे जाहीर करण्यात आले. कोंडीरामने ते सुंदर अक्षरात लिहिले.

आता तिसऱ्या क्रमांकासाठी शुक्रवारी, सात तारखेला, बल्गेरियाशी सामना होता. त्याचा पूर्वविचार टिपणिसांनी बुधवारी रात्रीच घरी लिहून ठेवला. (बल्गेरियाशी क्रिकेटचा काहीही पूर्वसंबंध नसल्याने तो थोडा अवघड गेला.) तो कागद गुरुवारी सकाळी त्यांनी कोंडीरामच्या हातात दिला. दुपारपर्यंत फळ्यावर हवा, असे बजावले.

साडेदहा-अकराच्या सुमाराला बातमी आली. बाबासाहेब गेले.

मी कपाटाशी होते. कोंडीराम आत आला. त्याच्या हातात ओले फडके होते. त्याने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, आवाज न होईल असा.

"बाई, किल्ल्या."

माझ्या तोंडून काय निघावे? मी म्हणाले, "रजा?"

"रजा ऑक्टोबरात संपली, बाई," तो म्हणाला आणि गेला. टिपणिसांचा कागद टेबलावर घडी घालून ठेवलेला होता. मी बाहेर येऊन पाहिले. फळा पुसलेला होता. नुसता पुसलेला नव्हे, कडेपासून कडेपर्यंत पाण्याने धुतलेला. उन्हात तो काळाभोर वाळत होता. ट्रामच्या रांगेतले लोक त्याच्याकडे बघत होते आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत होते.

संध्याकाळची सभा वेळेवर भरली. चहा नव्हता. आरोपी हजर नसल्याने त्याचे दोन्ही विषय शनिवारवर ढकलण्यात आले.

दुखवट्याचा ठराव घ्यावा, असे मी सुचवले. हे मी खरोखर मोठ्याने म्हणाले.

"निःसंशय मोठा माणूस," नानासाहेब म्हणाले. "प्रश्नच नाही. पण डिसेंबरचा झालाय ना हो आपला?"

सबनीसांनी कलम अकरा वाचून दाखवले. अपवाद केल्यास उद्या कोणासाठीही करावा लागेल, असे मत पडले. विषय जानेवारीत घ्यावा, असे ठरले.

मी उभी राहिले. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा दोन मिनिटे तशीच राहणार होते.

"खिडकी उघडताय का, कालिंदीबाई?" नानासाहेबांनी विचारले. "बरं होईल. कोंदटलंय."

मी खिडकी उघडली. खिडकीत त्याचा कप होता. मी तो जरा बाजूला केला आणि येऊन बसले.

एकमताने.

दुसऱ्या दिवशी दादरला चौपाटीकडे जो जनसागर गेला त्याचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिला त्यांना गरज नाही. त्याच दिवशी मेलबर्नला बल्गेरियाने आपल्याला तीन-शून्यने हरवले. भालेकर वाडीचा फळा दिवसभर कोरा होता. शनिवारच्या आदेशात लिहिले गेले: 'राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्याच्या दिवशी फळा कोरा ठेवून दोन हजार वाचकांस अंधारात ठेवणे, तसेच विनारजा गैरहजेरी, तसेच पूर्वीचा आरोप.' कोंडीरामला काढण्यात आले. तीन वर्षे पुरी व्हायला तेवीस दिवस कमी होते. समितीने उदारपणे तो पूर्वीचा आरोप तेवढा सिद्ध झाला नाही असे मानले, कारण फळ्यावरचे ते वाक्य तोवर समितीचे म्हणून प्रसिद्ध झाले होते.

जानेवारीच्या सभेत दुखवट्याचा विषय सातवा होता. सभा पाचव्या विषयावर संपली.

पुढे कोणाचे काय झाले ते सांगून टाकते.

नानासाहेब मोकाशांचा १९६० च्या मे महिन्यात, महाराष्ट्र राज्य झाल्यावर, वाडीने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मानपत्रात होते, 'पोलिसांनी सात वेळा पुसलेला फळा ज्यांनी आठ वेळा लिहिला.' फोटोसाठी त्यांच्या हातात खडू देण्यात आला. त्यांनी तो विडीसारखा धरला आहे. चार वर्षांनी ते वारले.

रमाकांत सबनीस दादरला राहायला गेले आणि त्यांनी सात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या घटना लिहिल्या. त्यांतल्या दोन इमारती बांधल्याही गेल्या. स्वतःच्या दुखवट्याचा मसुदा त्यांनी करून ठेवला होता. त्यात फक्त तारीख घालावी लागली.

रघुवीर टिपणीस एका साप्ताहिकात 'सामन्यापूर्वी' हे सदर लिहू लागले. अठरा वर्षांत त्यांचा एकही अंदाज चुकला नाही, कारण दोन्ही संघांना समान संधी आहे, असे ते लिहीत. वाचकांची त्यांना बरीच पत्रे येत.

फळा एका मंगल कार्यालयाने नेला. वधूवरांची नावे लिहायला.

मी लग्न होऊन नायगावलाच आले आणि शाळेत शिकवून निवृत्त झाले.

कोंडीराम परळच्या एका गिरणीत बदलीवर लागला. कायम कामगार न आला तर त्या दिवसाचे काम मिळायचे, ते. तशात अठ्ठावन्नला मॅट्रिक झाला आणि पोस्टात चिकटला. मला तो साठ साली नायगावच्या बस थांब्यावर भेटला. कडेवर मुलगी होती, दोन वर्षांची.

"बाई! ओळखलंत का?"

"ओळखणार नाही का रे... का हो," मी म्हणाले. तो हसला.

"फळा चालू आहे का अजून?"

"आहे."

"कोण लिहितं?"

"कोणीही. हाताला येईल तो."

"अक्षर कसंय?"

"वाचता येत नाही."

"मग बरंय," तो म्हणाला. "कोणाची नोकरी जायची नाही."

बस आली. पायरीवर चढता चढता मी त्याला त्याचे पूर्ण नाव विचारले. तीन वर्षे रोज भेटून आणि चार वर्षे न भेटून, पहिल्यांदा. त्याने सांगितले, मुलीचेही सांगितले. ते मला अजून पाठ आहे आणि मी ते इथे लिहिणारच होते.

पण मग म्हटले, वाट पाहावी. या हकिकतीत मोकाशी आले, सबनीस आले, टिपणीस आले, मी वैद्य म्हणून आले. फळा ठोकणाऱ्या सुताराचेसुद्धा आडनाव तुम्ही पहिल्या पानावर वाचलेत. समितीला तुम्ही मधून मधून हसलातही असाल, आणि हसावेच अशी ती माणसे होती. शेवटपर्यंत आलात, एकाचे आडनाव राहून गेले असे कुठे अडल्यासारखे झाले का?

नसेल, तर राहू दे. नुसतं कोंडीराम. ओळखतोच की आपण.